४५ अंश सोसलेल्यांना ३५ अंशांचे बँकॉक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मुंबईहून सुमारे साडेचार तासांच्या विमानप्रवासावर असलेले बँकॉक आता जळगाव-धुळ्याकडच्या सुट्टीच्या बेतांत महाबळेश्वराच्या शेजारी येऊन बसले आहे, हे या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांवरून दिसते. गंमत अशी की यातली बहुतेक पत्रे संपूर्ण सहलीविषयी नसून पहिल्या दिवसाविषयी आहेत. परक्या शहरात पहिल्या दिवशी माणूस जे करतो त्यावर पुढचे चार दिवस अवलंबून असतात, तेव्हा ही काळजी योग्यच आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचे विमान पहाटे साडेपाचला बँकॉकला उतरते आणि हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार आहे. मधल्या वेळात राजवाडा, दोन-तीन मंदिरे आणि एखादा बाजार पाहून घ्यावा असा विचार आहे. प्रवास एप्रिलमध्ये आहे, पण उन्हाची आम्हांला भीती नाही. आम्ही भुसावळचे आहोत. हा बेत योग्य वाटतो का?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आपल्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच वाक्य, भुसावळच्या जागी जळगाव घालून, मीही एकदा म्हटले होते. दिवस एप्रिलमधलाच होता. खिशात कांदा तेवढा नव्हता, बाकी सगळी तयारी जळगावची होती : डोक्याला मोठा पांढरा रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा जाडसर सुती सदरा, पोटात भरपूर न्याहारी. सकाळी अकराला बाहेर पडलो तेव्हा तापमान ३५ अंश होते आणि मला मनातल्या मनात हसू आले, कारण घरी त्याच आठवड्यात पारा ४३ वर होता. दुपारी एकच्या सुमारास मी एका मंदिराच्या सावलीतल्या पायरीवर बसलो होतो, सदरा पिळता येईल इतका भिजला होता, डोके जड झाले होते आणि समोरच्या सोनेरी शिखरांकडे पाहण्याची इच्छा पूर्ण संपली होती. शेजारी शहाळी विकणाऱ्या आजींनी पैशांचे न विचारता आधी एक गार शहाळे हातात दिले. त्या दिवशीची माझी खरी आठवण तेवढीच आहे.

याचे कारण समजून घेतले तर पुढचा सगळा बेत आपोआप नीट लागतो. आपल्याकडे मे महिन्यात घाम येतो पण दिसत नाही, कारण तो येताक्षणी वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने, आणि आपल्या घरांतला कूलर गार वारा देतो तोही याच कारणाने. खानदेशच्या कोरड्या हवेत आपले शरीर हा कूलरच असतो. बँकॉक हे चाओ फ्राया नदीच्या मुखाजवळ, गाळाच्या सपाटीवर, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंचीवर वसलेले शहर आहे. तिथली हवा आधीच पाण्याने जड झालेली असते, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम अंग थंड करत नाही, मात्र शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो. शिवाय आपल्याकडे रात्री गच्चीवर गादी टाकली की पहाटेपर्यंत पांघरूण ओढावे लागते, तशी सुटका तिथे नाही. एप्रिलमधल्या मध्यरात्रीही पारा २७-२८ च्या खाली फारसा उतरत नाही. म्हणून ४५ अंश सोसलेल्या माणसाने तिथे अधिक जपावे, कारण त्याला आपल्याला ऊन कळते असा भरवसा असतो.

आता बेत. पहिल्या दिवशी राजवाडा नको, असे माझे स्पष्ट मत आहे. राजवाड्याचे आवार विस्तीर्ण, उघडे आणि गर्दीचे असते, आणि रात्रभर विमानात अवघडून आलेल्या माणसाने ५०० बाथांचे तिकीट काढून तिथे सावली शोधत फिरणे हा पैशांचा आणि राजवाड्याचा दोहोंचा अपमान आहे. (बाथ म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये.) राजवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, दार उघडताच गाठावा.

पहिल्या दिवशी विमानतळावरचे सोपस्कार उरकायला सात वाजतील असे धरा. आगमनाचे डिजिटल कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचे झाले आहे. ते थायलंडला पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. व्हिसाच्या अटी मधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या पाहून घ्याव्यात. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, पण तिथे ते ‘सुवन्नफूम’ असे उच्चारतात. परतीच्या दिवशी टॅक्सीवाल्याला सांगताना हा उच्चार उपयोगी पडेल. विमानतळाच्या तळघरातून निघणारी रेल्वे ४५ बाथांत, अर्ध्या तासाच्या आत फया थाई या स्थानकावर पोहोचवते आणि तिथून उन्नत मार्गावरची बीटीएस गाडी मिळते. सामान घेऊन थेट हॉटेलवर जावे. खोली दोनला मिळणार असली तरी सामान सकाळी ठेवून घेण्याची पद्धत जवळजवळ सर्वत्र आहे. तिथल्या स्वच्छतागृहात तोंड धुऊन, सदरा बदलून, हलके काही खाऊन नऊच्या सुमारास एकाच ठिकाणी जावे : पहुडलेल्या बुद्धाचे मंदिर, वाट फो. (‘वाट’ म्हणजे थाई भाषेत मंदिर.) भूमिगत एमआरटीच्या निळ्या मार्गावरचे सनाम चाय हे स्थानक तिथून पायी काही मिनिटांवर आहे, त्यामुळे उन्हात चालणे फार होत नाही.

वाट फो निवडण्यामागे एक खानदेशी कारणही आहे. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातले बुद्धाचे महापरिनिर्वाण पाहिले असेल : उजव्या कुशीवर पहुडलेली सुमारे ७ मीटर लांबीची मूर्ती आणि तिच्या खाली शोक करणारे शिष्य. वाट फोमधला बुद्ध त्याच कुशीवर, त्याच शांतपणे पहुडला आहे, पण त्याची लांबी ४६ मीटर आणि उंची १५ मीटर असून तो सोन्याच्या वर्खाने मढवलेला आहे. मूर्ती खांबांच्या मधून तुकड्यातुकड्यांनी दिसते, एका नजरेत मावत नाही. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हे काढली आहेत, ती घाईने ओलांडू नयेत. मागच्या बाजूला भिंतीलगत ओळीने १०८ काशाची भांडी ठेवलेली आहेत. भाविक एकेका भांड्यात एकेक नाणे टाकत जातात आणि तो टिणटिण आवाज सगळ्या दालनभर सतत चालू असतो. अजिंठ्यात अंधार आणि शांतता असते, इथे सोने आणि नाद. पाहणाऱ्याला अजिंठा आठवत असेल तर इथला एक तास भरून जातो.

साडेदहा-अकरापर्यंत तिथून निघावे. दुपारचा वेळ गार जागेत काढावा, मग ते एखादे मोठे दुकानसंकुल असो वा हॉटेलचा दर्शनी कक्ष. दोनला खोली मिळाली की स्नान करून झोपावे, मात्र साडेचारचा गजर लावून. थायलंडची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे आणि दुपारी लांबलेली झोप रात्री सूड घेते. साडेपाचनंतर शहर पुन्हा माणसाचे होते. बाजार त्या वेळी पाहावा. याओवारात या चिनी वस्तीच्या रस्त्यावरचे लाल-सोनेरी फलक अंधार पडल्यावर पेटतात आणि पदपथांवर खाण्याच्या गाड्या लागतात, तेव्हा तिथे जावे. म्हणजे आपल्या यादीतल्या पाच गोष्टींपैकी पहिल्या दिवशी दोनच होतील. मला त्या पुरेशा वाटतात.

एक लहानशी सूचना : दुकाने, गाड्या आणि बसेस यांच्या आतली हवा फार गार ठेवलेली असते. भिजलेल्या सदऱ्यानिशी आत गेले की हुडहुडी भरते, म्हणून पिशवीत एक कोरडा पंचा आणि जास्तीचा सदरा असावा. क्षारांच्या पुड्याही असाव्यात. संपल्या तर कोपऱ्याकोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हन दुकानांत मिळतात. नळाचे पाणी पिऊ नये. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते त्या चालू असतील तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी या हवेविषयी जरूर बोलावे.

प्रश्न : बँकॉकच्या राजवाड्यात संपूर्ण रामायण चितारलेले आहे असे ऐकले. मी शाळेत इतिहास शिकवतो. पहिल्याच दिवशी ते पाहण्याची इच्छा आहे.
(एक शिक्षक, धुळे)

उत्तर : वरचे उत्तर वाचून आपण नाराज झाला असाल, पण एक रात्र थांबावे, कारण हे चित्ररामायण थकल्या डोळ्यांनी पाहण्यासारखे नाही. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ या मंदिराला चारही बाजूंनी ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर १७८ भागांत ‘रामकियेन’ म्हणजे थाई रामकथा रंगवलेली आहे. ओवरीवर छप्पर आहे. म्हणजे त्या तापल्या आवारात सावली शोधणारा माणूस आपोआप रामायणासमोर येऊन उभा राहतो.

इतिहासाच्या शिक्षकाला त्यात दुहेरी गोडी आहे. सियामची, म्हणजे पूर्वीच्या थायलंडची, जुनी राजधानी अयुथया. आपल्या अयोध्येचेच हे नाव. ती १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. मधली काही वर्षे नदीच्या पश्चिमेच्या थोनबुरीला राजधानी होती. १७८२ मध्ये चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने ती पूर्वेच्या काठावर आणली आणि त्याच वर्षी हा राजवाडा बांधायला घेतला. हा राजा पुढे ‘पहिला राम’ म्हणून ओळखला गेला आणि त्याच्या घराण्यातले राजे आजही राम या नावाने क्रमांकित केले जातात. शहराचे थाई नाव क्रुंग थेप महानखोन : ‘थेप’ म्हणजे देव आणि ‘महानखोन’ म्हणजे महानगर. हे झाले संक्षिप्त नाव. पूर्ण नाव पाली-संस्कृत शब्दांची लांबलचक माळ असून तिच्या शेवटी हे नगर शक्राने, म्हणजे इंद्राने, दिले आणि विश्वकर्म्याने उभारले असे सांगितले आहे. संस्कृतचा थोडा सराव असेल तर रोमन अक्षरांत छापलेले ते नाव पेन्सिलीने फोडून पाहावे. विमानतळावरून शहरात येईपर्यंतचा वेळ त्यात छान जातो.

चित्रे पाहताना कथा आपली आणि माणसे त्यांची, ही जाणीव ठेवावी. दशकंठ रावण तिथे ‘तोसकान’ होतो, राम ‘फ्रा राम’ आणि लक्ष्मण ‘फ्रा लक’. मारुतीच्या बाबतीत मात्र आपल्याकडच्या भाविकाला धक्का बसेल. थाई हनुमान ब्रह्मचारी नाही; तो रसिक आहे, विवाहितही आहे, आणि सेतू बांधताना अडथळा आणणाऱ्या सुवर्णमत्स्या नावाच्या मत्स्यकन्येशी, जी रावणाचीच मुलगी आहे, त्याचे प्रेम जमते. वर्गात हे सांगावे की नाही, ते आपण ठरवावे.

मंदिरातल्या हिरव्या पाषाणाच्या बुद्धमूर्तीची उंची फक्त ६६ सेंटीमीटर आहे आणि उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशा तीन ऋतूंना तिची वस्त्रे खुद्द राजाच्या हस्ते बदलली जातात. देवालाही ऋतूप्रमाणे कपडे लागतात अशा शहरात आपण एकाच जाड सदऱ्यावर विसंबून राहू नये, हे ओघाने आले.

प्रश्न : आम्ही जैन कुटुंब आहोत. पहिल्या दिवशी तरी उपाशी राहण्याची वेळ येऊ नये, यासाठी काय करावे?
(एक वाचक, जळगाव)
प्रश्न : शाकाहारी आहोत, कांदा-लसूण चालतो. घरून काय न्यावे?
(एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : दोन थाई शब्द पाठ केले की अर्धे काम होते. पहिला शब्द ‘मांगसविरत’. तो नीट ऐकला तर ‘मांसविरती’ ऐकू येईल, कारण तो तोच आहे. याचा अर्थ मांस नाही एवढाच. अंडी, दूध, कांदा, लसूण असू शकतात. चाळीसगावच्या वाचकांना तो पुरतो. दुसरा शब्द ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेतून आलेला हा आहार मांस, मासे, अंडी, दूध यांच्या जोडीला कांदा-लसणासारखे उग्र वासाचे पदार्थही वर्ज्य करतो. जळगावच्या वाचकांनी ‘किन जे’, म्हणजे ‘जे खातो’, असे म्हणावे. अशा दुकानांवर पिवळ्या पताका असतात आणि त्यांवर लाल रंगात जी खूण असते ती इंग्रजीतल्या १७ या आकड्यासारखी दिसते. थाई वाचता येत नसले तरी ती खूण लांबून ओळखता येते. एक सावधगिरी : ‘जे’ आहारात बटाटा, मुळा, गाजर आणि अळंबी चालतात. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी ताटात पाहूनच खावे.

अडचण होते ती माशाच्या रसाने. ‘नाम प्ला’ नावाचा हा खारट रस तिथे आपल्या मिठाच्या जागी वापरला जातो, आणि भाजीच्या साध्या परतणीतही तो पडतो. विक्रेत्याच्या दृष्टीने तो मांसाहार नसतो, म्हणून ‘यात मांस आहे का’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे नाम प्ला घालू नका, हे वाक्य मोबाइलवर थाई लिपीत लिहून ठेवावे आणि दाखवावे. कच्च्या पपईची ‘सोम तम’ नावाची कोशिंबीर समोरच उभट खलात मिरची, लसूण घालून चेचतात. तो ठक-ठक आवाज ऐकून आपल्याला ठेच्याची आठवण होते आणि पाय तिकडे वळतात. पण तिच्यात नेहमी वाळलेली कोळंबी आणि नाम प्ला असतो, तेव्हा खल धुऊन, दोन्ही वगळून करायला सांगितल्याशिवाय ती घेऊ नये. तिथली बारीक मिरची आपल्या लवंगीच्या तोडीची आहे. शेवभाजीवर वाढलेल्या माणसाला ती सोसेल, पण पहिल्या दिवशी पोटाची परीक्षा घेऊ नये.

शंभर टक्के खात्रीचे जेवण हवे असेल तर पाहुरात या भागात जावे. कापडाच्या बाजाराची ही जुनी भारतीय वस्ती आहे. एमआरटीचे साम योत स्थानक जवळ आहे, मोठा गुरुद्वारा आहे आणि आसपास पोळी-भाजी मिळण्याची ठिकाणे आहेत. याओवारात तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने पहिल्या संध्याकाळी जेवण पाहुरातला आणि फेरफटका चिनी बाजारात, असा मेळ बसतो.

घरून दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, शेव आणि केळ्याचे वेफर्स न्यावेत. दशम्या त्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीच बुरशी धरू लागतात, तेव्हा त्या पहिल्याच दुपारी संपवाव्यात. खानदेशात तीन दिवस टिकते म्हणून तिथेही टिकेल, हा अंदाज चुकतो. कोरड्या हवेने आपल्याला तीही एक सवय लावलेली आहे. ताजी फळे आणि भाज्या नेऊ नयेत. घामावाटे मीठ जाते त्याला तिथल्या लोकांनी शोधलेला उपाय उत्तम आहे : गाडीवर कैरी, पेरू किंवा अननसाच्या फोडी मिळतात, सोबत मीठ, साखर आणि मिरचीपूड एकत्र केलेली पुडी असते. आपले तिखटमीठच ते. दर दोन तासांनी एक पिशवी खावी.

प्रश्न : पहिल्या दिवशी टुकटुक घ्यावी की टॅक्सी? फसवणुकीविषयी बरेच ऐकले आहे.
(एक विद्यार्थी, नंदुरबार)

उत्तर : राजवाड्याच्या भिंतीलगत मला एक गृहस्थ भेटले. स्वच्छ कपडे, उत्तम इंग्रजी, खिशाला अडकवलेले कसले तरी ओळखपत्र. त्यांनी अत्यंत हळहळून सांगितले की आज धार्मिक विधी असल्याने राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे. मात्र तोवर एक टुकटुक अवघ्या ४० बाथांत तीन मंदिरे दाखवील. इतक्या स्वस्तात तीन मंदिरे कोण दाखवते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण ऊन होते, आणि उन्हात माणूस सावलीत बसवणाऱ्याचे ऐकतो. पहिल्या मंदिरानंतर टुकटुक रत्नांच्या दुकानासमोर थांबली, दुसऱ्यानंतर शिंप्याच्या. मी काही घेतले नाही, पण अडीच तास गेले, आणि परत आलो तेव्हा राजवाड्याच्या दारातून लोक निवांत आत जात होते.

या फसवणुकीची रीत जुनी आणि सर्वज्ञात आहे, तरीही ती रोज चालते. राजवाडा उघडा आहे की बंद हे फक्त त्याच्या दाराशी पाहावे, रस्त्यावर विचारू नये. रत्ने कितीही स्वस्त असोत, पहिल्या दिवशी घेऊ नयेत; जळगावात सोने घेताना आपण चार पेढ्या फिरतो, हे लक्षात ठेवावे.

दिवसा टॅक्सी, मीटर लावायला सांगून. मीटर ३५ बाथांपासून सुरू होते आणि ‘मीटर’ हा शब्द तिथेही मीटरच आहे. चालक नकार देऊन ठोक रक्कम सांगू लागला तर दार बंद करून पुढची गाडी पाहावी, किंवा मोबाइलवरून ग्रॅब वा बोल्ट मागवावी. टुकटुक म्हणजे अखेर आपली रिक्षाच. ती गंमत म्हणून रात्री एकदा, भाडे आधी ठरवून घ्यावी.

प्रश्न : आम्ही निवृत्त शिक्षिकांचा गट आहोत. मंदिरांत साडी चालते का?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : चालते, आणि शोभतेही. खांदे व गुडघे झाकलेले असावेत हा नियम आहे, तेव्हा बिनबाह्यांचे पोलके टाळावे आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा. जाड काठांची वजनदार साडी त्या हवेत ओझे होईल. पातळ सुती साडी किंवा सलवार-कुडता बरा. पादत्राणे पुन्हा पुन्हा काढावी लागतात, म्हणून नाडीचे बूट नकोत. छत्री जवळ ठेवावी. ऊन आणि मे ते ऑक्टोबरमधला पाऊस दोन्हींसाठी ती लागते. बुद्धमूर्तीसमोर बसताना पाय मागे घ्यावेत, तळवे मूर्तीकडे होऊ नयेत. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये आणि त्यांच्या हातात थेट वस्तू देऊ नये. आणखी एक : सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्थानकांवर, उद्यानांत राष्ट्रगीत लागते आणि चालते लोक जागच्या जागी थांबतात. आपणही थांबावे. दोन्ही हात जोडून ‘सवतदी’ म्हटले की चेहरे उजळतात. तो शब्द संस्कृत ‘स्वस्ति’वरून बनवलेला आहे, आणि स्त्रियांनी त्यापुढे ‘खा’ जोडायचा असतो.

प्रश्न : आम्ही केळीबागायतदार. मंदिरांत फारसे स्वारस्य नाही. पहिल्या दिवशी तिथली केळी पाहायला मिळतील का?
(एक वाचक, रावेर)

उत्तर : या अंकातले मला सर्वांत आवडलेले पत्र. एमआरटीच्या कामफेंग फेत स्थानकालगत ओ तो को नावाचा फळ-भाजीबाजार आहे. वर छप्पर, खाली स्वच्छ फरशी. सकाळी नऊला तिथे जावे आणि वाट फो सोडून दिले तरी मी रागावणार नाही.

आपल्याकडे जैन कंपनीच्या ऊतिसंवर्धित ग्रँड नैनने जवळजवळ सगळी शेते व्यापली आहेत. तिथल्या बाजारात मात्र एका ओळीत निदान तीन वेगळी केळी दिसतील : लांबट, सुवासिक ‘हॉम थोंग’, जे जगभर मागे पडलेल्या ग्रो मिशेल गटातले आहे, बोटाएवढे, पिवळेधमक, फार गोड ‘खाय’, आणि आखूड, जाड, कोनदार ‘नाम वा’, जे भाजून, तळून, साखरेच्या पाकात शिजवून खाल्ले जाते. विक्री फणीवर होते. केळफूल कच्चेच, चकत्या करून नूडल्ससोबत देतात आणि पानांत गोड पदार्थ बांधून विकतात, म्हणजे झाडाचा कुठलाही भाग वाया जात नाही. सेव्हन-इलेव्हन दुकानांत तर एकेक केळे प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत घालून ठेवलेले असते. घडाच्या भावावर रात्र-रात्र वाद घालणाऱ्या माणसाने त्या एका केळ्याची किंमत पाहून काय म्हणावे, याची कल्पना मी करू शकतो. कोळशावर भाजलेले नाम वा रस्त्याच्या कडेला मिळते. ते गरम असताना खावे.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत. आम्ही तापी-पूर्णेच्या संगमाजवळ राहतो, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी नदीच पाहायची असा त्यांचा हट्ट आहे. जेवणासह महागड्या बोटी आहेत, त्या घ्याव्यात का?
(एक वाचक, मुक्ताईनगर)

उत्तर : वडिलांचे बरोबर आहे. दमट उष्णतेवर त्या शहरातला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वाहत्या बोटीवरचा वारा. महागड्या बोटीत जेवण असते, गाणी असतात आणि नदी खिडकीबाहेर राहते. त्याऐवजी बीटीएसच्या सफान ताक्सिन स्थानकावर उतरून खालच्या साथोन धक्क्यावरून नारिंगी निशाणाची साधी प्रवासी बोट घ्यावी. भाडे १६ बाथांच्या आसपास आहे. बोट धक्क्याला क्षणभरच टेकते आणि हलते, म्हणून वडिलांचा हात धरून चढावे-उतरावे, आणि भिक्षूंसाठी राखलेली जागा मोकळी ठेवावी. कचेऱ्या सुटण्याआधी, पाचच्या आत बोट गाठली तर बसायला मिळेल. था तियन धक्क्याजवळ उतरून पूर्वेच्या काठावरच थांबावे. समोर पश्चिमेला वाट अरुण उभे असते. सूर्याच्या सारथ्याचे, अरुणाचे नाव असलेले हे मंदिर सूर्यास्ताला सर्वांत चांगले दिसते, आणि त्याच्या अंगावर जडवलेले चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे दिवे लागल्यावर चमकतात. पलीकडे जायचे असेल तर लहान नाव पाच-दहा बाथांत नेते, पण मंदिराच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. वडिलांना त्या चढू देऊ नयेत.

काठावर बसल्यावर त्यांना एक गोष्ट अवश्य सांगावी. थायलंडच्या दक्षिणेत सुरत थानी नावाचे शहर आहे आणि त्याच्या जवळून वाहणाऱ्या नदीचे नाव तापी आहे. हे नाव योगायोगाने आलेले नाही. सहावा राम म्हणजे राजा वजिरावुध याने गावाला आपल्या सुरतेवरून नाव दिल्यानंतर, १९१५ मध्ये नदीला आपल्या तापीचे नाव दिले. पहिल्या दिवशी तिथे जाणे शक्य नाही, कारण ते बँकॉकहून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पण मुक्काम लांबवता आला तर रात्रीची गाडी सकाळी पोहोचवते. सुरत थानीचे स्थानक फुनफिन या गावात आहे, आणि भुसावळप्रमाणे तिथेही रेल्वेचा पूल तापीवरूनच जातो.